राज्य कीं वतन ? : मराठी राजकारणांतील एका रूपकाचा विचार

जुना कागद हातीं आला म्हणजे संशोधकाची दृष्टि प्रथम तारखेकडे जाते, मग शिक्क्याकडे, मग नांवांकडे व स्थळांकडे. हें योग्यच आहे. परंतु ह्या क्रमांत कागदाची भाषा शेवटीं राहते, आणि पुष्कळदां राहूनच जाते. पत्रांतील उपमा, रूपकें, रूढ बोलणीं हीं लेखकाच्या लेखणीचा विलास समजून आपण ओलांडून जातों व त्यांखालचा व्यवहार तेवढा वेंचून घेतों. आमच्या मतें ही एक मोठी उणीव आहे. राजकारणाच्या भाषेंतील कांहीं रूपकें हा अलंकार नसून विचाराचा सांचा असतो. सांचा जसा, तसा विचार ओतला जातो. राज्य हें एक वतन आहे, ह्या एकाच रूपकाची कुळकथा मराठ्यांच्या इतिहासांतून काढून दाखवावी व त्या सांच्यानें काय घडलें आणि काय घडूं दिलें नाहीं याचा विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जुन्या पत्रांत लाक्षणिक भाषा तीन प्रकारची आढळते. पहिला प्रकार मायन्याचा. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' हें विशेषण ज्यास लिहिलें त्याच्या घरीं लक्ष्मी खरोखर अखंडित होती असें कोणी समजत नाहीं. तो रिवाज आहे. दुसरा प्रकार सांकेतिक भाषेचा. पानिपतच्या पराभवाची वार्ता इ. स. १७६१ मध्यें पेशव्यास सावकारी पत्रानें कळली, व त्यांत विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ यांचा नाश दोन मोत्यांच्या रूपानें, नामांकित सरदारांचा मोहरांच्या रूपानें व सामान्य शिपायांचा रुपये आणि तांब्याच्या नाण्यांच्या रूपानें सांगितला होता, ही हकीकत ग्रांट डफच्या ग्रंथापासून सर्वतोमुखीं झालेली आहे. तेथें रूपकाचा उपयोग अर्थ झांकण्यासाठीं आहे. किल्ली सांपडली कीं त्याचें काम संपलें. तिसरा प्रकार मात्र ह्या दोहोंहून निराळा. त्यांत लेखकास आपण रूपक योजीत आहों याची जाणीवच नसते. तो राज्यास 'दौलत' म्हणतो, राजास 'धनी' म्हणतो, सेवकास 'पदरचा' म्हणतो, आणि ह्या शब्दांतून निघणारीं अनुमानें वस्तुस्थितींतून निघालीं असें समजून चालतो. आमचा विषय हा तिसरा प्रकार होय.

'दौलत' हा शब्द मूळ अरबी. त्याच्या धात्वर्थांत फिरणें, पालटणें, पाळी येणें हा भाव आहे. त्यावरून दैवाची पाळी, राजवंशाची पाळी, आणि पुढें राज्य असा अर्थ त्यास आला. मराठींत तो आला तेव्हां फिरतेपणाचा भाव गळाला आणि राज्य व संपत्ति हे दोन अर्थ एकाच शब्दांत नांदूं लागले. 'धनी' शब्दाची गतहि तशीच : ज्याच्याजवळ धन तो धनी, आणि जो धनी तोच स्वामी. 'पदरीं असणें' ह्या बोलण्यांत चाकर हा घरच्या वडिलाच्या वस्त्राच्या आश्रयानें राहणारा ठरतो. आणि जो त्याचें मीठ खाऊन उलटला तो 'निमकहराम'. 'वतन' हा शब्दहि अरबी, मूळ अर्थ राहण्याची जागा, जन्मभूमि. आमच्याकडे त्याचा अर्थ वंशपरंपरेचा हक्क असा झाला. हे सर्व शब्द एकत्र ठेवून पाहिले म्हणजे एकच चित्र उभें राहतें : राज्य म्हणजे एक मोठें घर व त्याची मिळकत, राजा म्हणजे घरचा कर्ता, सरदार म्हणजे त्याच्या अन्नावर वाढलेलीं माणसें, किंवा त्याचे भाऊबंद.

आतां वतनाचे गुणधर्म पाहूं. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी, देशपांडेपण हीं वतनें वंशपरंपरेनें चालत. त्यांची वाटणी होई. तीं विकतां किंवा गहाण ठेवतां येत. वाटणी झाली तरी वडीलपणाचा मान एका शाखेकडे राही व हक्कलाजिमे हिश्शानें वांटले जात. तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे, साक्षी होत, महजर होई, आणि तरीहि दोन-तीन पिढ्यांनीं तोच तंटा पुन्हा उभा राही. ज्यांच्या संग्रहीं महजरांचे कागद आहेत त्यांस हें विस्तारानें सांगण्याची गरज नाहीं. ध्यानांत ठेवावयाचें तें एवढेंच कीं, वतनाच्या तंट्यांत विचारले जाणारे प्रश्न ठराविक असतात : वडील कोण, धाकटा कोण, मिळकत वडिलार्जित कीं स्वकष्टार्जित, हिस्सा किती, वारस आहे कीं नाहीं. हेच चार प्रश्न मराठी राज्याच्या दीडशें वर्षांच्या इतिहासांत राज्यालाच विचारले गेले. तो क्रम आतां पाहूं.

आरंभ जेथें होतो तेथें हें रूपक नव्हतें, साधा व्यवहार होता. शहाजीराजे इ. स. १६६४ मध्यें वारले. कर्नाटकांतील त्यांची जहागीर व्यंकोजीराजांकडे राहिली. इ. स. १६७७ च्या कर्नाटकाच्या स्वारींत शिवाजीमहाराजांनीं धाकट्या भावाकडे बापाच्या मिळकतीचा निम्मा हिस्सा मागितला. तेरा वर्षें सर्व भोग एकट्यानें घेतला, ही त्यांची तक्रार होती. बापाची जहागीर ही वांटणीची वस्तु होतीच, तेव्हां ह्या मागणींत लाक्षणिक असें कांहीं नाहीं. पुढें रघुनाथ नारायण हणमंते यांच्या मध्यस्थीनें समेट झाला व बेंगळूर आदि महाल व्यंकोजीची पत्नी दीपाबाई हिच्या चोळीबांगडीसाठीं देण्यांत आले. येथपर्यंत सर्व कांहीं घरांतल्या घरांत आहे.

परंतु ह्याच महाराजांनीं तीन वर्षांपूर्वीं, इ. स. १६७४ मध्यें, राज्याभिषेक करवून घेतला होता, आणि छत्र, सिंहासन, अष्टप्रधान ह्यांची भाषा घरवाट्याची भाषा नव्हे. त्यांच्या मुद्रेंतील कल्पना सर्वांस पाठ आहे : प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणें वाढत जाणारी, जगानें वंदिलेली, लोककल्याणासाठीं शोभणारी अशी ती मुद्रा. चंद्रकलेची वाढ होते, वाटणी होत नाहीं. त्याच सुमारास राजव्यवहारकोश रचला जाऊन फारसी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द योजण्याचा उद्योग झाला. सभासदाच्या बखरींत मिरासदारांचे वाडे-हुडे पाडून त्यांस नक्त वेतनावर आणल्याचें वर्णन आहे, त्याचा आशयहि हाच कीं, राज्य हें वतनाहून निराळ्या जातीचें आहे. तरी तोच सभासद, महाराजांनीं पन्हाळ्यास संभाजीराजांशीं बोलतांना दोन पुत्रांसाठीं दोन राज्यें, एक कर्नाटकाचें व एक इकडील, असा विभाग सुचविल्याचें सांगतो. सभासदानें बखर राजारामाच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली, हें लक्षांत घेऊन त्या संवादाचें वजन ठरवावें. पण संवाद जसाच्या तसा झाला नसला तरी राज्याची वाटणी ही गोष्ट लेखकास व त्याच्या वाचकांस स्वाभाविक वाटत होती, एवढें त्यावरून निर्विवाद ठरतें.

संभाजीमहाराजांच्या वधानंतर, इ. स. १६८९ पासून, परिस्थिति पालटली. छत्रपति जिंजीस, मोगल घरांत, खजिना रिता. औरंगजेब मराठे सरदारांस वतनें व मनसबी देऊं करीत होता; त्यांस आपल्याकडे राखावयाचें तर इकडूनहि वतनाचेंच वचन देणें प्राप्त झालें. जिंकावयाचा मुलूख जिंकण्यापूर्वींच वांटून देण्याची रीत ह्या काळांत बळावली. संकटकाळचा हा उपाय होता व त्यानें राज्य तगलें, हें नाकारतां येत नाहीं. परंतु उपाय राहिला आणि संकट गेलें.

ह्या स्थित्यंतराची सर्वांत स्पष्ट जाणीव आज्ञापत्रांत आढळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेला व इ. स. १७१५ च्या सुमाराचा मानला जाणारा हा ग्रंथ आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे. त्यांतील दोन रूपकें शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. एक शरीराचें : दुर्ग हें राज्याचें सार, आरमार हें राज्याचें स्वतंत्र अंग. ही भाषा सप्तांग राज्याच्या प्राचीन कल्पनेंतून आलेली. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड व मित्र हीं सात अंगें कौटिल्यानें सांगितलीं आहेत. दुसरें रूपक वतनदारांच्या प्रकरणांत येतें. देशमुख, देशकुळकर्णी, पाटील आदि वतनदार हे नांवाचे सेवक, वस्तुतः लहान लहान देशनायकच. ते राज्याचे 'दायाद' होत, असें अमात्य बजावतो. दायाद म्हणजे वारसाहक्कानें हिस्सा मागणारा भाऊबंद.

ह्या एका शब्दाचें मोल फार आहे. वतनदार राजाचे भाऊ नव्हते, हें अमात्यास ठाऊक होतें. ते भावाप्रमाणें वागतात, बळ वाढलें कीं हिस्सा मागतात, परचक्र आलें कीं आपला हिस्सा राखण्यासाठीं शत्रूकडे जातात, हें दाखविण्यासाठीं त्यानें हा शब्द योजला. म्हणजे त्याच्या लेखणींत हें रूपक धोक्याची सूचना होतें. पुढील पिढ्यांनीं त्यास नियम केलें. अंगाचें रूपक व दायादाचें रूपक यांतील भेद असा कीं, तोडलेलें अंग जगत नाहीं. वेगळा झालेला भाऊ मात्र वेगळें घर थाटून सुखानें नांदूं शकतो. जो राज्यास शरीर समजेल त्यास फाळणी हा घात दिसेल. जो घर समजेल त्यास ती तंट्याचा निकाल वाटेल.

अमात्यानें हें लिहिलें त्यापूर्वींच राजघराण्यांत वाद पेटला होता. इ. स. १७०७ मध्यें शाहूमहाराज मोगलांच्या कैदेंतून सुटून आले. त्यांचा पक्ष असा कीं, आपण वडील घराण्याचे, संभाजीराजांचे पुत्र, राज्य आपलें. ताराबाईचा पक्ष असा कीं, शिवाजीमहाराजांनीं मिळविलेलें राज्य संभाजीराजांच्या हातून गेलें. राजारामांनीं तें नव्यानें स्वपराक्रमें मिळविलें. म्हणून त्यावर हक्क राजारामाच्या पुत्राचा. ही मांडणी जरा बारकाईनें पाहावी. वडिलार्जित मिळकत एकदां नष्ट झाली व एकाच भावानें ती स्वबळानें परत मिळविली तर तिजवर त्याचा विशेष अधिकार, ही कल्पना मिताक्षरेसारख्या धर्मग्रंथांत दायविभागाच्या प्रकरणीं चर्चिलेली आहे. ताराबाईसारखी करारी व राजकारणकुशल स्त्री मोगलांशीं सात वर्षें झुंजली. पण आपला हक्क मांडतांना तिला जी भाषा सुचली ती दायविभागाची. शाहूचें उत्तरहि त्याच भाषेंत. कोणाच्या हातीं राज्य सुरक्षित राहील, हा प्रश्न सरदारांनीं आपल्या पायापुरता सोडविला. तो दरबारी वादाचा विषय झाला नाहीं.

इ. स. १७१९ मध्यें बाळाजी विश्वनाथ पेशव्यानें दिल्लीहून स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा आणिल्या. दक्षिणच्या सहा सुभ्यांची सरदेशमुखी म्हणजे वसुलाचा शेंकडा दहा हिस्सा. आणि ही सरदेशमुखी छत्रपतींचें खास वतन समजली गेली. येथें रूपक आपल्या पूर्ण बळानिशीं दिसतें. छत्रधारी राजा बादशहाच्या मुलखांत आपला हक्क सांगतो, तो जेता म्हणून नव्हे, मांडलिक म्हणूनहि नव्हे, तर सर्व देशमुखांचा वडील देशमुख म्हणून. चौथाईच्या पोटविभागांतहि तीच भाषा आहे : चौथाईपैकीं शेंकडा २५ राजबाबती, ६ साहोत्रा, ३ नाडगौंडा, व बाकी ६६ मोकासा सरदारांकडे. नाडगौंडा हें नांवच कर्नाटकांतील परगण्याच्या वतनदाराचें. एकेका परगण्यांत अनेकांचे हिस्से गुंतविल्यानें सर्वांचें हित एकत्र बांधलें गेलें, असें ह्या योजनेचें समर्थन केलें जातें, व त्यांत तथ्य आहे. परंतु हित बांधलें गेलें तें हिस्सेदारांचें. आणि हिस्सेदारांची एकी वांटणीचा प्रश्न निघेपर्यंतच टिकते.

तो प्रश्न वारंवार निघाला. इ. स. १७३१ च्या एप्रिलांत वारणेचा तह होऊन सातारा व कोल्हापूर हीं दोन राज्यें कागदोपत्रीं निराळीं झालीं. वारणा ही सरहद्द ठरली, व तुंगभद्रेच्या दक्षिणेस जें मिळेल तें निम्मेनिम्म वांटून घ्यावें असें कलम पडलें. न मिळालेल्या मुलखाची ही आगाऊ वांटणी वाचतांना भावाभावांच्या वाटणीपत्राची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. इ. स. १७५१ मध्यें दमाजी गायकवाड पेशव्याच्या कैदेंत सांपडला, आणि सुटकेसाठीं त्यास गुजराथचा निम्मा हिस्सा मान्य करावा लागला. जिंकणाराहि सर्व मुलूख घेत नाहीं, निम्मा घेतो. कारण हरलेला हा शत्रु नसून हिस्सेदार आहे.

शेवटीं पेशव्यांचें घरहि ह्या सांच्यांत सांपडलें. इ. स. १७६१ मध्यें नानासाहेब वारल्यावर रघुनाथरावानें राज्यांत निम्म्या वांटणीची मागणी चालविली. पेशवाई हें मूळ चाकरीचें पद. त्याची वांटणी मागणें म्हणजे दिवाणगिरीचे दोन तुकडे मागणें. पण तीन पिढ्या एका घरीं चाललेलें पद लोकांच्या दृष्टीनें वतन झालें होतें, आणि वतनांत चुलत्याचा हिस्सा असतो हें कुणब्यासहि कळत होतें. माधवरावानें वांटणी मान्य केली नाहीं, इ. स. १७६२ मध्यें आळेगांवास त्यास चुलत्यापुढें नमावें लागलें, आणि इ. स. १७६८ मध्यें धोडपच्या लढाईनंतर त्यानें चुलत्यास कैदेंत ठेविलें. रघुनाथरावाचा पक्ष मात्र पुरता मोडला नाहीं. इ. स. १७७५ मध्यें तो सुरतेस इंग्रजांशीं तह करता झाला, त्याच्या बुडाशींहि ही हिश्शाची भावना होती. शत्रूस घरांत आणल्याचा दोष आपण त्यास देतों. त्याच्या दृष्टीनें तो घरच्या तंट्यांत बाहेरचा पंच आणीत होता. पंच साष्टी-वसई मागेल व पुढें घरच घेईल, हें घराच्या भाषेंत त्यास दिसण्यासारखें नव्हतें.

येथें एक आक्षेप घेतला जाईल. रूपकानें राज्य बुडत नाहीं. पैसा, फौज, तोफखाना व माणसांचे स्वभाव हीं खरीं कारणें होत. भाषा ही त्यांची सांवली. आक्षेपांत अर्थ आहे, आणि मराठी राज्याचा शेवट एका शब्दांत सांगण्याचें साहस आम्ही करीत नाहीं. वतनाची भाषा परिस्थितींतून निघाली, हेंहि आम्ही वर दाखविलेंच आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, एकदां निघाल्यावर ती नुसती सांवली राहिली नाहीं. तंटा उत्पन्न झाला म्हणजे विचारावयाचे प्रश्न तिनें ठरविले, आणि जे उपाय त्या प्रश्नांच्या उत्तरांत बसत नव्हते ते कोणास सुचेनासे झाले. ज्यास निराळें कांहीं सांगावयाचें होतें त्या अमात्यास निराळें रूपक शोधावें लागलें, हाच त्याचा पुरावा.

ह्या कुळकथेचा शेवट साताऱ्यास झाला. इ. स. १८१९ च्या तहानें इंग्रजांनीं साताऱ्याचें राज्य प्रतापसिंहमहाराज, त्यांचे वारस व उत्तराधिकारी यांस दिलें. इ. स. १८३९ मध्यें प्रतापसिंहांस पदच्युत करून त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांस गादीवर बसविण्यांत आलें. ते इ. स. १८४८ च्या एप्रिलांत वारले. मरणापूर्वीं त्यांनीं दत्तक घेतला होता. दत्तविधान शास्त्रोक्त होतें, मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचें मतहि राज्य खालसा करूं नये असेंच होतें. परंतु लॉर्ड डलहौसीनें निर्णय दिला कीं, दत्तकास खासगी मिळकतीचा वारसा पोंचेल, राज्याचा पोंचणार नाहीं. आणि कंपनीच्या डायरेक्टरांनीं तो मान्य केला. प्रतापसिंहांच्या वतीनें रंगो बापूजी ह्यानें लंडनांत जाऊन वर्षानुवर्षें दाद मागितली, ती व्यर्थ गेली. ह्या सर्व वादांत मुख्य प्रश्न एकच होता : वारस आहे कीं नाहीं. आम्हीं वर सांगितलेल्या चार प्रश्नांपैकीं हा शेवटचा. वतनास वारस नसला म्हणजे तें सरकारजमा होतें, हा न्याय मराठ्यांनींच शेंकडों वेळां लहानसहान वतनदारांस लावला होता; तोच आतां छत्रपतींच्या गादीस लागला. डलहौसीनें खासगी मिळकत व राज्य यांत भेद केला, आणि विपरीत असें कीं, जो भेद आमच्या राजपुरुषांनीं करावयास हवा होता तो परक्यानें केला, व तोहि राज्य घेण्यासाठीं.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति. दप्तरांच्या याद्या करतांना विषय, तारीख व नांवें यांबरोबर राज्यवाचक शब्द कोणता आला आहे हें टिपून ठेवावें. 'राज्य', 'स्वराज्य', 'दौलत', 'सरकार', 'घर' हे शब्द एकमेकांच्या जागीं घालून सारांश देण्याची रीत सोडावी; सारांशांत मूळ शब्द राहिलाच पाहिजे. मायन्याचा भाग गाळूं नये. जेथें कोणी सरदार आपणांस 'चाकर' म्हणवितो व त्याच पत्रांत पुढें 'हिस्सा' मागतो, ती जागा खुणेनें दाखवावी. कारण तेथें दोन रूपकें एकमेकांशीं भांडत असतात, आणि बहुधा त्या काळाचें खरें भांडणहि तेंच असतें. अशा टिपणांची सालवार मांडणी झाली तर कोणत्या दशकांत कोणता शब्द बळावला हें पुराव्यानिशीं सांगतां येईल. आज आम्हीं जें मोठ्या घटनांच्या आधारें मांडलें आहे, तें तेव्हां कागदाकागदानें तपासतां येईल, आणि चुकलें असेल तेथें दुरुस्तहि करतां येईल.